प्रवेशपुस्तकातील माणसे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपणांसमोर उभे राहण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा मनःपूर्वक ऋणी आहे. अशा प्रसंगी वक्त्याने संस्थेच्या वाटचालीचा गौरव करावा, दात्यांचे स्मरण करावे, असा प्रघात आहे. माझ्यापूर्वी बोललेल्या मान्यवरांनी ते कार्य उत्तम प्रकारे पार पाडले आहे. मी मात्र आज एका जुन्या कपाटाविषयी आणि त्या कपाटाच्या निमित्ताने साता समुद्रापलीकडील एका संस्थेच्या प्रवेशपुस्तकांविषयी बोलणार आहे. या दोहोंचा संबंध काय, हे हळूहळू स्पष्ट होईल. तोपर्यंत आपण धीर धरावा, ही विनंती.

दोन महिन्यांपूर्वी स्मरणिका समितीच्या बैठकीच्या वेळी कार्यालयातील जुने लोखंडी कपाट उघडण्यात आले. त्यात अर्जांचे गठ्ठे निघाले. शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहाचे प्रवेश-अर्ज, वैद्यकीय मदतीचे, विधवा भगिनींच्या साहाय्याचे. काही सुतळीने बांधलेले, काहींना वाळवी लागलेली. एका सदस्यांनी सुचविले की, यांतील निवडक अर्ज जसेच्या तसे स्मरणिकेत छापावेत. संस्थेने केवढे कार्य केले ते वाचकांना दिसेल. दुसऱ्या सदस्यांचे म्हणणे पडले की, हे कागद आता कोणाच्या उपयोगाचे? कपाट रिकामे करून रद्दीत घालावेत. दोघांचाही हेतू चांगलाच होता. निर्णय होईना, तेव्हा माझे मत विचारण्यात आले. चौतीस वर्षे मी शाळेत काढली आणि त्यांतील बराच काळ जनरल रजिस्टर माझ्या हाताखाली होते, एवढीच काय ती माझी पात्रता.

मी ते गठ्ठे घरी नेले आणि चाळू लागलो. एका अर्जापाशी मात्र थांबलो. अर्ज एका आईचा होता. अक्षर दुसऱ्या कोणाचे, खाली अंगठा तिचा. मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला समज नाही, मी मजुरीला जाते तेव्हा त्याला घरात कोंडून जावे लागते, त्याला कुठे ठेवून घेतील अशी सोय असल्यास कळवावे, असा आशय. डाव्या कोपऱ्यात लाल शाईने शेरा होता : ‘नियमात बसत नाही.’ शेरा लिहिणाऱ्यांना दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्या वेळी तशी योजनाच आपल्याकडे नव्हती. पण त्या रात्री मला झोप आली नाही. हा अर्ज छापावा काय? हा अर्ज रद्दीत घालावा काय? आणि याहून वेगळे आपल्याला काही करता येईल काय? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना मला आठवली ती अर्ल्सवुडची प्रवेशपुस्तके. त्यांच्याविषयी मी पूर्वी बरेच वाचले होते. आता ते सारे पुन्हा नव्या दृष्टीने वाचले.

मताधिक्याने मिळणारी दया

इंग्लंडमध्ये सरे परगण्यात, रेडहिल गावाजवळ, अर्ल्सवुड नावाची संस्था होती. तिचा जन्म १८४७ सालचा. त्या काळी ज्यांची बुद्धी जन्मतःच वाढत नाही अशा मुलांसाठी तेथे स्वतंत्र व्यवस्था नव्हती. घरची माणसे थकली की असे मूल एकतर गरिबांच्या कामघरात जाई किंवा वेड्यांच्या इस्पितळात. अॅन सेरेना प्लम्ब या बाईंनी हा विषय अँड्र्यू रीड या धर्मोपदेशकांसमोर मांडला. रीड हे अनाथाश्रम उभारण्यात हयात घालवलेले गृहस्थ. वेड्यांना साखळदंडाने बांधू नये म्हणून झगडलेले डॉक्टर जॉन कोनोली त्यांना येऊन मिळाले. १८४८ मध्ये लंडनजवळ हायगेट येथे पार्क हाउस या घरात पहिली मुले आली. जागा अपुरी पडू लागली, तेव्हा अर्ल्सवुडच्या माळावर भव्य इमारत उभी राहिली. १८५३ मध्ये तिची कोनशिला राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी बसवली आणि १८५५ मध्ये त्यांच्याच हस्ते उद्घाटन झाले. अशा मुलांना शिकवता येते, हा विचार घेऊन निघालेली ही त्या देशातील पहिली मोठी संस्था होय.

संस्था चालत असे ती लोकांच्या वर्गणीवर, आपल्या संस्थांसारखीच. पण प्रवेशाची पद्धत ऐकाल तर आश्चर्य वाटेल. जागा थोड्या आणि अर्ज फार, म्हणून तेथे वर्षातून दोनदा निवडणूक होत असे. मतदार कोण? वर्गणीदार. ज्याची वर्गणी मोठी त्याची मते अधिक. उमेदवार कोण? ज्याला आपली सही करता येत नाही, कित्येकदा आपले नावही सांगता येत नाही, असे मूल. उमेदवारांची यादी छापली जाई आणि दात्यांच्या घरी जाई. आईबाप आपल्या लेकराविषयीची छापील पत्रके घेऊन दारोदार मते मागत. घरात किती खाणारी तोंडे आहेत, बापाचा धंदा कसा बसला, मूल किती असहाय आहे, हे सारे त्यांत असे. या वेळी पराभव झाला, तर मिळालेली मते पुढल्या निवडणुकीत जमेस धरली जात. म्हणजे पुन्हा पत्रके, पुन्हा दारोदार. निवडून आलेल्या मुलास सामान्यतः पाच वर्षांसाठी जागा मिळे आणि मुदत सरली की पुन्हा निवडीला उभे राहावे लागे.

हे करणारी माणसे दुष्ट नव्हती. दात्याला आपला पैसा कोठे जातो ते कळावे, त्याचा संस्थेशी जिव्हाळा राहावा, हा व्यवहारी विचार त्यामागे होता, आणि त्या काळच्या इंग्लंडात अनेक धर्मादाय संस्था याच पद्धतीने चालत. परिणाम मात्र असा झाला की, ज्याचे ओळखीपाळखीचे जाळे मोठे त्याचे मूल आत गेले आणि ज्या विधवेला दारोदार फिरायला वेळही नव्हता आणि चपलाही नव्हत्या, तिचे मूल बाहेर राहिले. १८७० च्या दशकात या पद्धतीविरुद्ध तेथे मोठी चळवळ झाली. गरजेचा निवाडा चौकशीने व्हावा, मतांनी होऊ नये, हे तत्त्व हळूहळू मान्य झाले.

आपल्याकडे गुप्तदानाची थोर परंपरा आहे. आपल्या पावतीपुस्तकांतही ‘एक सद्गृहस्थ’ किंवा ‘गुप्तदान’ अशा नोंदी पानोपानी सापडतात. देणाऱ्याने नाव झाकावे, म्हणजे दानाला अहंकाराचा स्पर्श होत नाही, हे आपण जाणतो. पण घेणाऱ्याचे नाव झाकावे, हा विचार आपण तितक्या कटाक्षाने करतो काय? अर्ल्सवुडच्या छापील याद्या वाचताना हा प्रश्न मला पडला आणि त्याने माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले. तो अर्ज छापता येणार नाही. ती बाई आपल्याकडे मदत मागायला आली होती. आपले दुःख पन्नाशीच्या समारंभात मांडायला तिने ते लिहून घेतले नव्हते.

दोन रकाने

आता प्रत्यक्ष प्रवेशपत्राकडे वळू. इंग्लंडमध्ये १८४५ च्या कायद्यान्वये अशा संस्थेत कोणालाही ठेवायचे तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागे. ठेवून घेण्याची विनंती बहुधा घरचे माणूस करी आणि दोन डॉक्टर स्वतंत्रपणे तपासून लिहून देत. त्या प्रमाणपत्रात दोन रकाने असत. पहिल्यात, ‘मी स्वतः पाहिलेल्या गोष्टी’. दुसऱ्यात, ‘इतरांनी मला सांगितलेल्या गोष्टी’, आणि त्या सांगणाऱ्याचे नाव.

ही दोन रकान्यांची युक्ती मला फार मोलाची वाटते. पहिल्या रकान्यात डॉक्टर लिहीत की, मुलाला वीसपर्यंत अंक येत नाहीत, नाणी ओळखता येत नाहीत, विचारलेल्याचे उत्तर देत नाही. घटकाभराच्या भेटीत परक्या माणसाला दिसेल तेवढे ते असे. दुसऱ्या रकान्यात बहुधा आई बोले. तो विस्तवाकडे धावतो, रात्री उठून चालू लागतो, अनोळखी माणसाच्या मागे जातो, कपडे घालून द्यावे लागतात. म्हणजे वर्षानुवर्षे त्याला सांभाळणारीचे ज्ञान तेथे उतरे. अभ्यासकांनी ही प्रमाणपत्रे बारकाईने वाचली तेव्हा असे दिसले की, डॉक्टरांच्या शास्त्राचा भाग त्यांत थोडा आणि घरच्यांच्या अनुभवाचा भाग मोठा आहे. आपण समजतो की अशा संस्थांची पुस्तके डॉक्टरांनी लिहिली. खरे पाहता त्यांतील अर्धे लेखन आयांचे आहे. हात फक्त दुसऱ्याचा. आपल्या कपाटातील त्या अर्जासारखेच.

त्या काळच्या रजिस्टरात आणखी एक रकाना असे, ‘संभाव्य कारण’. त्यात गर्भारपणी आईला बसलेला धक्का, बाळपणी पडणे, दात येतानाचे झटके अशी कारणे लिहिली जात. हसू नये. आपल्याकडे आजही एखादी सासू म्हणतेच की, सुनेने ग्रहण पाळले नाही. देश कोणताही असो, कारण सापडेना की बोट आईकडे जाते. अर्ल्सवुडच्या प्रवेशपुस्तकांतील त्या एका रकान्यात किती स्त्रियांनी विनाकारण अपराध माथी घेतला असेल!

आणि शेवटचा रकाना, ‘संस्था सोडल्याची नोंद’. वेड्यांच्या इस्पितळांसाठी कायद्याने ठरवून दिलेले शब्द तेथे होते : बरा झाला, काहीसा सुधारला, सुधारला नाही, मृत. आमच्या जनरल रजिस्टरातही शाळा सोडल्याचे कारण आणि प्रगती असे रकाने असतात, म्हणून हे शब्द वाचताना मी चरकलो. ज्या मुलाला बटण लावायला शिकण्यास तीन वर्षे लागली आणि तिसऱ्या वर्षी त्याने ते लावले, त्याला या चारांपैकी कोणत्या शब्दात बसवायचे?

नाव ठेवणारे डॉक्टर

१८५८ मध्ये जॉन लँग्डन डाउन नावाचे एकोणतीस वर्षांचे डॉक्टर अर्ल्सवुडचे प्रमुख म्हणून आले. त्यांनी मारहाणीची शिक्षा बंद केली, सेवकांना शिस्त लावली, मुलांना हस्तव्यवसाय आणि करमणूक दिली. दहा वर्षे ते तेथे होते. त्यांच्याकडे प्रवेशपुस्तके होती, प्रत्येक मुलाची तपासणी होती, आणि छायाचित्रणाची नवी कला शिकून त्यांनी रहिवाशांची दोनशेच्या वर छायाचित्रे काढली होती. या साऱ्या नोंदी पुढे मांडून त्यांनी १८६६ मध्ये एक निबंध लिहिला. काही मुले परस्परांशी नाते नसताना भावंडांसारखी दिसतात, हे त्यांनी अचूक हेरले. आज आपण ज्याला डाउन सिंड्रोम म्हणतो, त्याचे ते पहिले नेटके वर्णन होय.

पण वर्गीकरण करताना त्यांनी मानववंशांच्या चेहऱ्यांचा आधार घेतला आणि या मुलांना ‘मंगोलियन’ असे नाव दिले. ते नाव शंभर वर्षे चिकटून राहिले. १९५९ मध्ये फ्रान्समधील जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या मुलांच्या पेशींत एक गुणसूत्र अधिक असते. वंशाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. १९६१ मध्ये शास्त्रज्ञांनीच ते नाव टाकून द्यावे असे लिहिले आणि १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेनेही ते सोडले. एका रजिस्टरातील एक शब्द पुसायला शंभर वर्षे लागली.

न्यायाने एवढे सांगितले पाहिजे की, डाउन हे मनाने अनुदार नव्हते. सर्व मानवजात एक आहे, हेच त्यांना त्याच निबंधात सुचवायचे होते. अर्ल्सवुड सोडल्यावर त्यांनी पत्नी मेरी यांच्यासह १८६८ मध्ये नॉर्मन्सफील्ड ही संस्था काढली आणि अखेरपर्यंत हेच काम केले. त्यांच्या निधनानंतर, १९०५ मध्ये, त्यांच्या मुलाच्या घरी नातू जन्मला, तो याच लक्षणांसह. ज्या मुलांना आजोबांनी नोंदले होते, त्यांच्यातील एक त्यांच्याच घरात आला. नोंद करणारा आणि नोंदला जाणारा यांच्यामधील टेबल केवढे अरुंद असते, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

शब्दांचा हा प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही. इंग्रजांनी येथे केलेल्या १९१२ च्या कायद्यात ‘ल्युनॅटिक’ची व्याख्या करताना ‘इडियट’ आणि विकृत मनाचा मनुष्य यांना एकाच ओळीत बसवले होते. तो कायदा जाऊन १९८७ चा कायदा येईपर्यंत कागदोपत्री हीच भाषा राहिली. १९९५ चा अपंगांविषयीचा कायदा, १९९९ चा राष्ट्रीय न्यासाचा कायदा आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा, असे आपण पुढे आलो. बोलीत मात्र खुळा, अर्धवट, वेडसर हे शब्द होतेच. मग मतिमंद आला, तो सभ्य वाटला. आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. शब्द बदलावेत हे योग्यच. पण घरात त्या मुलाला ज्या नावाने हाक मारतात ते नाव अर्जावर आधी लिहिले, तर पुढल्या कोणत्याही शब्दाची धार कमी होते, असा माझा शाळेतला अनुभव आहे.

रकान्यात न मावलेला सुतार

प्रवेशपुस्तकात काय लिहिले जात नाही, याचे उदाहरण म्हणून जेम्स हेन्री पुलेन यांची कथा सांगतो. त्यांचा जन्म १८३५ चा, लंडनचा. सात वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या तोंडी आईला हाक मारण्याचा एकच शब्द होता, असे सांगतात. ऐकूही बहुधा येत नसावे. पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते संस्थेत आले. सांगितलेले धड कळत नाही, वाचता-लिहिता येत नाही, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दिसण्यासारखे होते. पण त्या हातांना लाकूड कळत होते, हे कोणत्या रकान्यात लिहिणार?

अर्ल्सवुडच्या सुतारशाळेत पुलेन निष्णात कारागीर झाले. त्यांची सर्वांत गाजलेली कृती म्हणजे ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाची सुमारे दहा फूट लांबीची प्रतिकृती. १८७० पासून सात वर्षे ते तिच्यावर काम करीत होते. हे जहाज आपल्याला परके नाही. त्याच १८७० साली मुंबईहून एडनपर्यंत समुद्रतळाशी तारायंत्राची तार टाकली गेली, ती याच ग्रेट ईस्टर्नने. म्हणजे जे जहाज मुंबईच्या बंदरातून विलायतेकडे तार अंथरत निघाले, त्याच वर्षी एक न बोलणारा माणूस अर्ल्सवुडच्या कार्यशाळेत त्याच जहाजाचा सांगाडा जुळवू लागला होता. त्यांचे कौशल्य पाहून राजपुत्राने कोरीवकामासाठी हस्तिदंत पाठवले. पुलेन १९१६ मध्ये अर्ल्सवुडमध्येच वारले. आयुष्यभर ते त्या पुस्तकात ‘इडियट’ म्हणूनच राहिले.

प्रत्येक मुलात असा पुलेन दडलेला असतो, असे मी म्हणणार नाही. तशी आशा लावणे हाही त्या मुलांवर अन्यायच. माझे म्हणणे एवढेच की, काय येत नाही याचे रकाने आपण दहा आखतो आणि काय येते याचा एकही आखत नाही.

कुळवृत्तांतात मृत, पुस्तकात जिवंत

आता शेवटची कथा. इंग्लंडमध्ये सरदार घराण्यांच्या वंशावळी छापणारा ‘बर्क्स पीअरेज’ नावाचा ग्रंथ आहे. आपल्याकडच्या कुळवृत्तांतांचा तो थोरला भाऊ म्हणावा. त्याच्या १९६३ च्या आवृत्तीत बोज-लायन घराण्यातील नेरिसा आणि कॅथरीन या दोन बहिणींच्या नावांपुढे मृत्यूची साले होती, १९४० आणि १९६१. या बहिणी म्हणजे राणी दुसरी एलिझाबेथ यांच्या सख्ख्या मामाच्या मुली. १९८७ मध्ये वृत्तपत्रांनी उघड केले की, दोघींना १९४१ मध्ये अर्ल्सवुडमध्ये दाखल करण्यात आले होते. नेरिसा त्याच्या आदल्या वर्षी, १९८६ मध्ये वारल्या होत्या. त्यांच्या थडग्यावर दगडही नव्हता, प्लॅस्टिकची एक पट्टी होती. कॅथरीन तर जिवंत होत्या. त्या पुढे २०१४ पर्यंत जगल्या. घराण्याच्या ग्रंथात मेल्यावर आणखी त्रेपन्न वर्षे!

नातलगांनी खुलासा केला की, मुलींची आई विसरभोळी होती, ग्रंथाचे फॉर्म भरताना तिचा गोंधळ झाला असावा. तसे असेलही. परक्या घराच्या अंतःकरणात शिरून निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण दोन पुस्तके समोरासमोर ठेवून पाहा. सोनेरी अक्षरांचे पुस्तक म्हणत होते की त्या नाहीत. संस्थेचे रुक्ष प्रवेशपुस्तक म्हणत होते की त्या आहेत. खरे कोणते ठरले? म्हणून मी म्हणतो, जुनी पुस्तके रद्दीत घालू नका. एखाद्या माणसाचे असणे सिद्ध करणारा तो एकच कागद असू शकतो. अर्ल्सवुडची संस्था १९९७ मध्ये बंद झाली, इमारतीत आता घरे झाली आहेत. पण तिच्या नोंदी सरे परगण्याच्या अभिलेखागारात जपलेल्या आहेत. व्यक्तीच्या आजाराविषयीचे असे कागद तेथे साधारणतः शंभर वर्षे सर्वांसाठी खुले केले जात नाहीत. जपायचे आणि झाकायचे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पाळता येतात, हे त्यांनी दाखवले आहे.

बंधू-भगिनींनो, आता एक गोष्ट माझ्या घरची सांगतो. सांगताना संकोच होतो, पण सांगितलीच पाहिजे. मला एक धाकटे काका होते. घरात सगळे त्यांना बाळ म्हणत. पन्नाशी उलटली तरी बाळच. दुकानातील रिकामी पोती झाडून, घडी घालून रचून ठेवणे हे त्यांचे काम. त्यांना मोजता येत नव्हते. पण थप्पीतले एक पोते कमी असले तर त्यांना ते कळे आणि ते सापडेपर्यंत ते जेवायला बसत नसत. शाळेत त्यांना कधी घातले नाही, म्हणून कोणत्याही जनरल रजिस्टरात त्यांचे नाव नाही. पाहुणे आले की त्यांना मागच्या खोलीत बसवीत. पुढे आमच्या घराण्याची वंशावळ छापायचे ठरले. आजोबांचे तीन मुलगे असे तीत छापले आहे. प्रत्यक्षात चार होते. ती वंशावळ कोणी लिहिली? मी लिहिली. कोणी मला तसे सांगितले नव्हते. घरात मुलींची लग्ने व्हायची होती, उगाच चौकशा नकोत, एवढाच विचार मी केला. काकांचे कागदावरचे नाव काय ठेवले होते, ते मी तेव्हा कोणाला विचारले नाही. आज विचारावे तर सांगणारे कोणी उरलेले नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी नम्रपणे काही सूचना ठेवतो. पहिली, कपाटातील एकही अर्ज रद्दीत जाऊ नये. वाळवीपासून जपून, वर्षवार लावून, कुलूपबंद ठेवावेत. दुसरी, त्यांतील एकही अर्ज नावानिशी छापू नये आणि यापुढे मदत देताना घेणाऱ्याचे छायाचित्र काढण्याची प्रथाही बंद करावी. तिसरी, आपल्या अर्जाचा नमुना बदलावा. त्यात तीन नवे रकाने असावेत : घरात कोणत्या नावाने हाक मारता? काय काय येते, काय आवडते? आणि त्याला सर्वांत जास्त ओळखणारे माणूस कोण? हे तिसरे उत्तर त्या माणसाच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

चौथी सूचना थोडी खर्चाची आहे. मुंबईत १९४४ मध्ये एका आईवडिलांनी आपल्या मुलीसाठी सुरू केलेल्या प्रयत्नातून जय वकील शाळा उभी राहिली. पुण्यात १९६४ पासून कामायनी हे काम करीत आहे. नवी इमारत बांधण्याचे मी सुचवीत नाही. मोठ्या इमारतींचे काय होते ते आपण पाहिलेच. पण ज्या घरात असे मूल किंवा असा प्रौढ भाऊ आहे, त्या घरच्या आईला दिवसाचे चार तास मोकळे मिळतील, एवढी सोय आपल्या सभागृहात दुपारी करता येईल. सभागृह दुपारी रिकामेच असते.

आणि शेवटची गोष्ट. त्या लाल शाईच्या अर्जावरचा पत्ता मी टिपून घेतला आहे. तो अकरा वर्षांचा मुलगा आज असेल, तर साठीच्या घरात असेल. त्या पत्त्यावर आता कोण राहते, ते पाहण्यासाठी पुढच्या रविवारी मी जाणार आहे. कोणी सापडेल, अथवा सापडणारही नाही. सापडले, तर त्याला काय म्हणून हाक मारतात, एवढे आधी विचारीन आणि ते नाव त्या शेऱ्याखाली स्वच्छ अक्षरात लिहीन. विश्वस्त मंडळातील कोणी एकाने माझ्याबरोबर यावे, अशी माझी विनंती आहे.